गल्लीत मोहल्ला कमिटी उभी करायचीय? गटारापासून सुरुवात करा

कुठं काही पेटलं की सगळ्यांना शांतता आठवते. मग मेणबत्त्या, मूक मोर्चा, सर्वधर्म प्रार्थना, चार धर्मगुरूंनी एकमेकांचे हात धरून वर केलेत असा फोटो. वाईट काहीच नाही त्यात, पण ज्या रात्री खरंच गडबड होते त्या रात्री फोटोतल्या मोठ्या माणसांपैकी कुणाला तुमची गल्ली कुठली हेही माहीत नसतं. त्या वेळी कामाला येतो कोपऱ्यावरचा पानवाला, समोरच्या वस्तीतली अंगणवाडीची ताई, रिक्षा स्टँडवरचा एखादा दादा ज्याचं पोरं ऐकतात. तर मोहल्ला कमिटी म्हणजे थोडक्यात काय, अशा माणसांची आपसात आधीपासून ओळख असणं, एकमेकांचे नंबर असणं आणि आधी दोनचार कामं एकत्र केलेली असणं. बाकी लेटरहेड वगैरे नंतर.

ही कल्पना आपल्याच मातीतली आहे. भिवंडी. १९७० साली शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून तिथं दंगल झाली, १९८४ ला परत, तेव्हा ठाणे-मुंबईपर्यंत पसरली आणि शेकडो माणसं गेली. यंत्रमागाचं गाव, बाहेरून आलेले कामगार, दाटीवाटीच्या वस्त्या, म्हणजे सगळं दारूगोळ्यासारखं भरलेलं. १९८८ ला सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून तिथं आले आणि त्यांनी गल्लोगल्ली मोहल्ला कमिट्या केल्या, हिंदू-मुस्लिम दोन्ही समाजांची माणसं घेऊन, आणि मुद्दाम पुढाऱ्यांना बाजूला ठेवून साधी माणसं घेऊन. नुसतं दंगलीवर बोलायला नाही तर रोजची भांडणं, पाण्याची, जागेची, पोरांची, ती तिथल्या तिथं मिटवायला. पुढं डिसेंबर ९२ आणि जानेवारी ९३ मध्ये मुंबई जळत होती, श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात मृतांचा आकडा ९०० आहे, आणि भिवंडी, जिचं नाव घेतलं की लोक आधी दंगलच म्हणायचे, ती शांत राहिली. एकट्या कमिट्यांमुळे झालं असं मी म्हणणार नाही, पण कमिट्या नसत्या तर झालं असतं का, तर मला नाही वाटत.

आता दुसरी बाजूही सांगतो नाहीतर गोष्ट फारच गोड होईल. २००६ मध्ये त्याच भिवंडीत कब्रस्तानाला लागून पोलीस ठाण्याचं बांधकाम निघालं, त्यावरून राडा झाला आणि दोन पोलीस मारले गेले, गोळीबारातही माणसं गेली. एकदा कमिटी केली की पिढ्यान् पिढ्यांची सोय झाली असं होत नाही, ती सतत चालवावी लागते, आणि चालवणं हे उभं करण्यापेक्षा दहापट कंटाळवाणं काम आहे, हे आधीच डोक्यात पक्कं असू द्या.

तर करायचं कसं.

आधी माणसं शोधा, आणि शोधताना 'समाजात वजन असलेले' लोक शोधू नका, 'ज्यांच्याकडे लोक जातात' ते शोधा. दोन्ही वेगळे असतात. एक संध्याकाळ नुसतं फिरा आणि विचारा की रात्री कुणाला हॉस्पिटलला न्यायचं झालं तर पहिला फोन कुणाला करता, रेशनकार्डाचं काम अडलं तर कुणाकडे जाता, नवराबायकोचं भांडण रस्त्यावर आलं तर मध्ये कोण पडतं. तीच तीच नावं यायला लागतील. किराणावाले, मेडिकलवाले, आशाताई, भिशी चालवणाऱ्या मावशी, क्रिकेटची टीम चालवणारा पोरगा, मदरशातले तरुण सर, बुद्धविहाराचं बघणारे काका. ही तुमची कमिटी. दोन्ही-तिन्ही वस्त्यांतून साधारण सारखी माणसं घ्या, एका बाजूचे बारा आणि दुसऱ्या बाजूचे 'प्रतिनिधी म्हणून' दोन असं केलंत तर ती दोन माणसं फक्त फोटोला येतील.

आजी-माजी नगरसेवक, इच्छुक, त्यांचे कार्यकर्ते, यांना काय करायचं हा पहिला प्रश्न असतो. त्यांच्याशी वैर नको, जाऊन सांगा की असं असं करतोय, आशीर्वाद असू द्या, पण कमिटीत नको आणि बॅनरवर तर अजिबात नको. एकदा का बॅनरवर एका दादांचा फोटो लागला की दुसऱ्या दादांची पोरं त्या बैठकीला येत नाहीत, संपलं. आणि बॅनर करूच नका खरं तर, कशाला पाहिजे.

बायका. ही गोष्ट सगळे शेवटी लिहितात म्हणून मी इथंच लिहितो. ज्या कमिटीत बायका 'पण' आहेत ती कमिटी आणि ज्या कमिटीत बायका आहेत ती कमिटी यात फार फरक असतो. पाण्याच्या टँकरवर, बचत गटात, शाळेच्या गेटवर बायका एकमेकींना आधीच ओळखतात, पुरुषांना ओळख करून द्यावी लागते. आणि अफवा आधी घरात पोचते मग चौकात, त्यामुळे ती थांबवायची तर घरातूनच थांबवायला लागते.

पहिली बैठक कुठं घ्यायची यावर अर्धी लढाई असते. देवळात नको, मशिदीत नको, कुणाच्या पक्षाच्या ऑफिसात नको, कुणाच्या घरी पण नको कारण कुणाच्या घरी कोण पाणी पितो कोण नाही इथपासून सुरू होतं. शाळेचा वर्ग, समाजमंदिर जर खरंच सगळ्यांचं असेल तर ते, वाचनालय, नाहीतर सरळ मैदान. वेळ ठरवताना शुक्रवारी दुपार टाळा, रमजानमध्ये इफ्तारच्या आसपास नको, लूमवाल्यांची किंवा कंपनीची शिफ्ट कधी सुटते बघा, आणि बायकांना विचारून ठरवा, त्यांची वेळ पुरुष ठरवतात आणि मग म्हणतात बायका येतच नाहीत. चहा आणि पारले बिस्किट, बास. जेवणावळ नको, खाण्यावरून जेवढी मनं दुखावतात तेवढी भाषणांवरून नाही दुखावत. पुढं वर्ष दीड वर्षानं एकमेकांच्या घरचा शिरखुर्मा आणि पुरणपोळी आपोआप यायला लागते, ती यायची तेव्हा येऊ द्या.

आणि अजेंडा. 'धार्मिक सलोखा' हा अजेंडा ठेवायचा नाही, प्लीज. सलोखा म्हटलं की प्रत्येक जण आपल्या समाजाच्या वतीने बोलायला लागतो, आवाज बदलतो माणसाचा, समोरच्या शेजाऱ्याशी न बोलता तो इतिहासाशीच बोलायला लागतो. अजेंडा ठेवायचा गटार. किंवा पथदिवे. किंवा शाळेसमोरचा स्पीडब्रेकर. आमच्या भागात दोन गल्ल्यांच्या मधून एक उघडं गटार जातं आणि दोन्ही बाजूंची ठाम समजूत होती की पालिकेचे लोक पलीकडची बाजू आधी साफ करतात. अगदी दोन्ही बाजूंची, सेम शब्दांत, "त्यांचं वजन आहे ना वरती". मग सकाळी सातला दोन्हीकडची चारचार माणसं उभी राहिली, काठी घालून बघितलं, तर तुंबलंय रस्त्याखालच्या मोरीत, जिथं दोन्ही बाजूंचं पाणी एकत्र होतं, आणि वरचा गाळ काढून कडेलाच टाकतात म्हणून पहिल्या पावसात तो परत आत. म्हणजे कुणाचंच साफ होत नव्हतं. त्या दिवशी अर्ज लिहिला गेला त्यावर दोन्ही गल्ल्यांच्या सह्या होत्या, वॉर्ड ऑफिसातल्या क्लार्कने सह्या बघून मान वर केली हे मला चांगलं आठवतंय. मोरी उघडायला पुढं बरेच महिने गेले ते सोडा. पण आता या दोन गल्ल्यांत कुणीही 'त्यांचं वजन' म्हटलं की दुसरा कोणीतरी म्हणतो मोरी बघून ये.

असं अर्ज-बिर्ज करताना दोन गोष्टी हाताशी ठेवा. शहरात असाल तर लेखी अर्ज, त्याची शिक्क्याची पोच, आणि उत्तर नाही आलं तर माहितीचा अधिकार, १० रुपये फी, ३० दिवसांत उत्तर द्यायला लागतं. गावात असाल तर ग्रामसभा, वर्षातून किमान चार व्हायला लागतात, आणि त्याच्याआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते जी बऱ्याच ठिकाणी फक्त रजिस्टरमध्ये होते. ती खरोखर घ्यायला लावणं हेच पहिलं काम करता येईल. ठराव काय ताकदीचा असतो ते कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडनं दाखवलं, मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव एका ग्रामपंचायतीनं केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं बाकीच्या गावांना त्याचं अनुकरण करा म्हणून परिपत्रक काढलं.

आता अफवा. हे नीट वाचा, कारण इथं जीव जातात. १ जुलै २०१८, धुळे जिल्हा, साक्री तालुका, राईनपाडा. पोरं पळवणारी टोळी आली अशी व्हॉट्सॲपवरची अफवा, आठवडी बाजाराचा दिवस, आणि भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावानं ठार मारलं. त्यांना विचारायला, त्यांची ओळख पटवायला, फोन करायला त्या गर्दीत कुणी नव्हतं किंवा असेल तर त्याचं कुणी ऐकलं नाही. भटक्या समाजाची माणसं गावात आली की ती कुठली, कुठं उतरलीयेत, हे कमिटीतल्या एकाला तरी माहीत असावं हा नियम मी तेव्हापासून सगळ्यांना सांगतो.

आमची पद्धत अशी आहे. कमिटीचा एक व्हॉट्सॲप ग्रुप, त्यात गुड मॉर्निंग नाही, फॉरवर्ड नाही, वाढदिवस नाही, फक्त 'इथं काय झालंय' एवढंच. प्रत्येक गल्लीतली दोन माणसं ठरलेली, एक बाई एक पुरुष. काही मेसेज आला की ज्या जागेचा आहे त्या जागेच्या माणसाला फोन, मेसेज नाही, फोन. तो माणूस स्वतः चालत जाऊन बघतो. मग तोच व्हॉइस मेसेज टाकतो, स्वतःच्या आवाजात, नाव सांगून. एकदा रात्री मेसेज फिरायला लागला की दर्ग्याजवळ आपल्या पोरांना मारलं. आमच्या गल्लीच्या ताईंनी दर्ग्याकडच्या भाभींना फोन लावला.

"भाभी, दर्ग्यापाशी काय झालंय का?"

"कुछ नै ताई, दोन पोरं बाईकवरनं घसरली, एकाच्या गुडघ्याला लागलंय. इथंच बसलीयेत, पाणी दिलंय त्यांना. का?"

"तिकडं मेसेज फिरतोय मारलं म्हणून."

"हाय अल्ला. थांबा, त्या पोरालाच बोलायला लावते."

आणि त्या पोरानंच व्हॉइस टाकला, की मी अमुक, मी पडलोय, मला कुणी मारलेलं नाही, आईला सांगू नका. शेवटचं वाक्य ऐकून ग्रुपवर लोक हसायला लागले आणि विषय संपला. लक्षात घ्या, इथं व्हॉइस 'त्या बाजूच्या' माणसाचा नव्हता तर ज्याच्याविषयी अफवा होती त्याचाच होता. शक्य असेल तिथं हेच करा, दुसऱ्या बाजूनं कितीही शपथा घेतल्या तरी त्या वेळी लोकांना पटत नाही. आणि 'हा व्हिडिओ खोटा आहे' असं लिहून तोच व्हिडिओ परत टाकायचा नाही, लोक वरची ओळ वाचत नाहीत, व्हिडिओ बघतात. प्रकरण खरंच गंभीर असेल तर ११२, आणि बीटच्या हवालदाराचा नंबर आधीपासून सेव्ह असू द्या, साहेब बदलतात पण बीटवाल्याला गल्ली माहीत असते.

सणांचं कॅलेंडर दरवर्षी जानेवारीतच काढून बसा. गणपती, ईद, शिवजयंती, आंबेडकर जयंती, रामनवमी, मोहरम, उरूस, सगळ्यांच्या तारखा एका कागदावर आणि कुठली मिरवणूक कुठल्या रस्त्यानं किती वाजता. चांद्र महिन्यांमुळे काही वर्षं सण एकावर एक येतात, ते आधीच दिसतं. २०२३ ला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद दोन्ही २८ सप्टेंबरला आले तेव्हा मुंबईत खिलाफत हाऊसवरून निघणारा जुलूस मुस्लिम संघटनांनी आपणहून दुसऱ्या दिवशी घ्यायचं ठरवलं आणि सरकारनं २९ ला सुट्टी जाहीर केली. २०२४ ला पण असंच पुढं ढकललं. हे गोडीगुलाबीनं झालं कारण बोलणं आधी झालं. सांगली जिल्ह्यात गोटखिंडीला तर अनेक वर्षांपासून गणपती मशिदीतच बसतो, पण ते तिथलं तिथं उगवलेलं आहे, आपल्याकडे उद्या जाऊन 'आपण पण मशिदीत बसवू' असं करायला जाऊ नका. आपलं काम साधं आहे, अजानच्या पाच मिनिटांत ढोल थांबेल का, आरतीच्या वेळी समोरच्या गाळ्याचा भोंगा बंद राहील का, हे त्या दोन मंडळांच्या पोरांनी एकमेकांशी बोलून ठरवायचं. लाऊडस्पीकर रात्री १० ते सकाळी ६ बंद हा नियम सगळ्यांना सारखा आहे, तो वाचून दाखवताना सगळ्यांसमोर एकदम वाचा, एकट्याच्या तोंडावर नको. पोलीस स्टेशनला सणाआधी शांतता समितीची बैठक असते, तिथं जा जरूर, पण तिच्यावर अवलंबून राहू नका, निम्मा वेळ हारतुऱ्यात जातो.

इथवर हिंदू-मुस्लिम चाललंय आणि सलोख्याचं सगळं लिखाण इथंच थांबतं. जातीचं अवघड आहे. कारण शेजारच्या धर्माबद्दल लोक निदान म्हणतात तरी की हो दुरावा आहे, जातीबद्दल म्हणतात आमच्याकडे तसलं काही नाही. आणि स्मशान वेगळं असतं. १९२७ ला महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला, त्यानंतर चाळीसहून जास्त वर्षांनी बाबा आढावांना 'एक गाव एक पाणवठा' करत गावोगाव फिरावं लागलं, यातच सगळं आलं. त्यामुळे तुमच्या गावात सुरुवात करायची असेल तर तीन गोष्टी आधी बघून या, नळ आणि विहीर कुणाची कुठं, स्मशानभूमीत शेड आणि रस्ता कुणाला आहे, आणि १४ एप्रिलची मिरवणूक मुख्य रस्त्यानं जाते का. वस्तीचं नाव अजून जातीवरून असेल तर ते बदलायचा राज्य सरकारचा निर्णय डिसेंबर २०२० चाच आहे, त्यासाठी ग्रामसभेत विषय मांडता येतो, पण नवीन नाव वस्तीतल्या लोकांनी सुचवायचं, गावानं द्यायचं नाही.

इथं कमिटीनं एक रेघ ओढून घ्यायची. २००७ साली आर. आर. पाटील गृहमंत्री असताना तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, चांगली होती, बांधाची, भाऊबंदकीची ढीगभर भांडणं गावातच मिटली. पण तंटामुक्त गावाला मिळणाऱ्या बक्षिसासाठी 'मिटवायची' सवय लागली की जे मिटवायचं नसतं तेही मिटवलं जातं. ॲट्रॉसिटी, बलात्कार, लहान पोरांवरचा अत्याचार, हे कमिटीसमोर येऊच द्यायचं नाही, सरळ पोलीस स्टेशन, आणि कमिटीनं फार तर तक्रारदारासोबत जाऊन बसायचं. 'गावाची शांतता' म्हणून ज्याच्यावर अन्याय झाला त्यालाच गप्प बसवणारी कमिटी नसलेली बरी. तसंच जातपंचायतीनं कुणाला वाळीत टाकलं असेल तर त्यासाठी २०१६ चा सामाजिक बहिष्कार कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, पोलिसांकडे नाहीतर थेट न्यायदंडाधिकाऱ्याकडे तक्रार करता येते. अशा केसमध्ये अंनिसचे, म्हणजे अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे, कार्यकर्ते फार उपयोगी पडतात, त्यांनी जातपंचायतींविरुद्ध बरंच काम केलंय. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, हेल्पलाईन १५१००. आणि दोन सज्ञान माणसांनी जातीबाहेर धर्माबाहेर लग्न केलं तर तो कमिटीचा विषयच नाही, फार तर त्यांना सांगा की जोडप्यातला एक जण अनुसूचित जाती-जमाती किंवा भटक्या-विमुक्तांतला असेल तर आंतरजातीय विवाहाला सरकारी मदत मिळते, समाजकल्याण विभागात चौकशी करा.

मदत कुठं मिळेल, थोडक्यात. मुंबईत मोहल्ला कमिटी मूव्हमेंट ट्रस्ट, ९२-९३ नंतर ज्युलिओ रिबेरो, सतीश साहनी, सुशोभा बर्वे वगैरे मंडळींनी उभं केलेलं काम, पोलीस आणि वस्तीतली पोरं यांच्या क्रिकेट मॅचेस हा त्यांचा जुना उद्योग, आणि पोरांना जोडायला याच्याइतकं स्वस्त काही नाही, फक्त टीम गल्लीनुसार पाडू नका, चिठ्ठ्या टाकून मिसळा. धारावीत भाऊ कोरडे आणि वकार खान यांनी 'हम सब एक हैं' वालं पोस्टर केलं होतं, चार धर्मांच्या वेशातली पोरं, ते तुम्ही कुठंतरी पाहिलंच असेल. शिबिरं घ्यायची तर राष्ट्र सेवा दल, ट्रेनिंग आणि अभ्यासासाठी असगर अली इंजिनिअर यांनी काढलेलं मुंबईतलं सेंटर फॉर स्टडी ऑफ सोसायटी अँड सेक्युलरिझम, मुस्लिम समाजातल्या सुधारणेच्या अंगानं हमीद दलवाईंनी १९७० ला काढलेलं मुस्लिम सत्यशोधक मंडळ. मशीद आतून कधीच न पाहिलेले लोक भरपूर असतात, त्यांच्यासाठी 'मस्जिद परिचय' सारखे कार्यक्रम पुण्यात, मुंब्र्याला झालेत, तुमच्या भागातल्या ट्रस्टींना विचारून बघा, बहुतेक वेळा ते आनंदानं हो म्हणतात. आणि मग उलटी फेरी पण ठेवा, विहार, मंदिर, चर्च.

पैसा जितका कमी तितकं बरं. चहाचे पैसे डब्यात, हिशोब वहीत, वही दोन बाजूंच्या दोन माणसांकडे आळीपाळीनं. एकाच्या पर्सनल यूपीआयवर वर्गणी गोळा करू नका, माणूस कितीही चांगला असला तरी सहा महिन्यांनी कुजबुज सुरू होते. संस्था रजिस्टर करायची घाई नको, धर्मादाय आयुक्तांकडे फेऱ्या मारण्यात मूळ काम राहून जातं, आणि रजिस्टर झाली की अध्यक्ष कोण यावर पहिलं भांडण.

कमिटी मोडते ती भांडणानं कमी आणि बैठक न झाल्यानं जास्त. महिन्यातला एक दिवस पक्का ठेवा, विषय नसला तरी जमा, पंधरा मिनिटं बसा आणि उठा. जुनी माणसं दमतात, घरं बदलतात, म्हणून प्रत्येकानं आपल्यासोबत पंचवीसच्या आतला एक जण आणायचा, त्याला बोलायला नाही आलं तरी चालेल, फोन उचलायला आला पाहिजे. आणि दर तीन महिन्यांनी ती नंबरांची यादी काढून प्रत्येक नंबर लावून बघा, निम्मी सिमं बदललेली असतात आणि दोन-तीन जण गावी गेलेले असतात. नवीन यादीची झेरॉक्स पानवाल्याकडे, मेडिकलमध्ये आणि बीट चौकीत एकेक, आणि एक अंगणवाडीत, फळ्याच्या मागं.